खाडीकाठच्या देवीचा मुखवटा

भिवंडीतलं हे प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत मी खून पाहिले, विहिरीतून प्रेतं वर काढली, जळालेल्या गोदामांचे पंचनामे केले. पोलिसाची कातडी जाड होतेच. इथे तर ना कोणी मेलं होतं, ना रक्ताचा थेंब सांडला होता. तरीही त्या दुपारी मी, पंच, माझे हवालदार आणि अख्खं गाव जागच्या जागी थिजलो होतो.

सत्तरच्या दशकाची अखेर जवळ आली होती. मी तालुक्याच्या ठाण्यात फौजदार होतो. खारबाव स्टेशनावरून खाडीच्या अंगाला गेलं की त्या काळी मिठागरं लागायची, आणि मिठागरांना लागून एक गाव. नाव सांगत नाही, माणसं अजून नांदती आहेत. गावच्या देवीचा एक जुना मुखवटा होता. तांब्याच्या पत्र्यावर ठोकून घडवलेला, काळपट, शांत चेहऱ्याचा. वर्षभर तो देवळातल्या पेटीत असे आणि चैत्रातल्या जत्रेला पालखीत बसे. पेटीची किल्ली गुरवाच्या कमरेला.

त्या वर्षी जत्रेच्या तोंडावर पेटी उघडली, तर आत नुसतं लाल फडकं. पोलीसपाटील धापा टाकत ठाण्यात आले. "सायेब, आमची आय चोरीला गेली," एवढं बोलून बाकावर बसले आणि चारचौघांत रडायला लागले. देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय गुरव तोंडात घास घालत नाही, आता ती सापडेपर्यंत तो म्हातारा उपाशीच राहणार, हेही त्यांनीच सांगितलं.

फिर्याद नोंदवली आणि घटनास्थळी गेलो. कुलूप शाबूत, कडी शाबूत. म्हणजे घरचाच भेदी. जुन्या मूर्तींचे चोर त्या काळी सगळीकडे फिरत होते. पडघ्याला हमरस्त्यावर नाकाबंदी लावली, नाशिककडे जाणारे ट्रक रिकामे करून पाहिले, सुताच्या गठ्ठ्यांत हात घातले. भिवंडीतल्या प्रत्येक भंगारवाल्याला उठवून बसवलं. काही हाती लागलं नाही.

मुखवटा दिसतो कसा, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. तो प्रश्न मुंबईच्या एका संग्रहालयातल्या बाईंनी सोडवला. जुन्या वस्तू टिकवणं, त्यांची डागडुजी करणं हे त्यांचं काम. पुरातन वस्तूंची फोटोसकट नोंद करण्याचा कायदा नुकताच आला होता, आणि त्या कामाला मदत म्हणून त्या मागच्या वर्षी गावात येऊन फोटो काढून गेल्या होत्या. चोरीचं कळताच फोटो घेऊन एसटीने थेट ठाण्यात आल्या. पन्नाशीची, बारीक अंगाची बाई. चहा नको म्हणाल्या आणि मला विचारलं, "फौजदारसाहेब, तो वितळवला तर नसेल ना?" सख्ख्या माणसाची चौकशी करावी तसा त्यांचा स्वर होता.

खबर आली ती कामतघरहून. तिथे आमचा एक खबरी चहाची टपरी चालवायचा. तो म्हणाला, "साब, शिफ्ट छुटने के बाद एक लूमवाला रो रहा था. बोला, हमारे गाँव की देवी पेटी में हैच नहीं. मगर साब, ये बात होली के पहले की है."

होळीच्या आधी! पेटी उघडली चैत्रात, आणि या माणसाला ती रिकामी आहे हे फाल्गुनातच माहीत. तो निघाला गुरवाचा भाचा, पंचविशीचा, बापामागे मामाने वाढवलेला. चालू यंत्रमागावरून त्याला उचलून आणला.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. ठाण्याबाहेर माणसं जमली. "त्याला आमच्या ताब्यात द्या," असा गलका सुरू झाला. मामाच्या किल्लीवर डल्ला मारून देवी विकणारा भाचा, असा त्याचा निकाल गावाने कधीच लावून टाकला होता. सुटून गेला असता तर गावकऱ्यांनी त्याचे हातपाय शाबूत ठेवले नसते, हे मला दिसत होतं.

मी त्याला समोर बसवलं. दटावून पाहिलं, समजावून पाहिलं. पोरगा गप्प. माझा अनुभव असा की चोर फार बोलतो. तो रात्री कुठे होता, काय जेवला, कोणाला भेटला, न विचारता सांगतो. जो काहीच बोलत नाही त्याच्या पोटात बहुधा दुसऱ्याची गोष्ट असते. हा पोरगा शिव्या खात होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ओठ शिवलेले. शेवटी एवढंच म्हणाला, "सायेब, मी इकली न्हाय. मना फाशी द्या, पन याच्या म्होरं इचारू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरवबाबा भाच्यासाठी डबा घेऊन आले. वाळकी काठी झालेला म्हातारा, कमरेला किल्ली तशीच. मी परवानगी दिली. भाचा जेवेना. "तू खा, मंग मी खातो," असं म्हणत बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि स्वतःच्या तोंडात घातला. मग दुसरा.

मी टेबलामागून बघत होतो आणि एकदम चरकलो. हा माणूस जेवतोय!

शिवाय गावातला जो तो मला भेटला की पहिला प्रश्न एकच विचारी, देवीचा तपास लागला का. या म्हाताऱ्याने तो एकदाही विचारला नव्हता. आईसारखी देवी नाहीशी झालेला माणूस तिची चौकशीही करत नाही, म्हणजे ती कुठे आहे हे त्याला माहीत आहे.

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो आणि सहज विचारावं तसं विचारलं, "बाबा, आज देवीला नैवेद्य काय दाखवलात?"

"तांदळाची भाकर नि वालाचं..." बाबा म्हणाले आणि थांबले. हातातला घास खाली पडला. भाच्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हुंदका दिला.

पुढचं बाबांनी आपणहून सांगितलं. बाई फोटो काढून गेल्या आणि गावात आवई उठली की सरकार जुने देव जमा करून घेतंय. आज फोटो, उद्या जप्ती. चावडीवर नोटीस लागली होती, पण तिचा अर्थ कुणी कुणाला सांगितला नव्हता. बाबांनी धसका घेतला. पावसाळ्याआधी भाच्याला हाताशी धरून त्यांनी मुखवटा पेटीतून काढला आणि घरी दडवला. सरकारी माणसं येऊन रित्या हाताने परत गेली की जत्रेला गुपचूप पेटीत ठेवायचा, असा बेत. पण वर्षभर कुणी आलंच नाही, मग म्हाताऱ्याला वाटलं, ते जत्रेतच टपून बसणार. तो अडून बसला. ठेवा आता परत, असं भाचा होळीच्या आधीपासून विनवत होता.

"आहे ना घरी? नीट आहे ना?" बाईंनी विचारलं. काही सापडलं तर ओळख पटवण्यासाठी त्या ठाण्यातच थांबल्या होत्या.

"नीट म्हंजे? जिवापाड जपलीय बाय," बाबा म्हणाले.

मला हायसं वाटलं. मनातल्या मनात मी प्रकरण बंदही करून टाकलं. चोरी नाही, गैरसमज आहे, भाचा सुटेल, पालखी निघेल. जीप काढली. आमच्या आधीच गाव गुरवाच्या अंगणात जमलं होतं. बायकांनी आरत्या आणल्या होत्या, कुणीतरी ढोलकं आणलं होतं.

बाबा आम्हाला पडवीत घेऊन गेले. कोपऱ्यात जमिनीत अर्धा पुरलेला रांजण. रोजचा नैवेद्य ते त्याच्यापुढेच दाखवत. त्यांनी झाकण काढलं. आत काठोकाठ मीठ.

माझ्या मागे बाईंनी श्वास आत ओढल्याचं मला ऐकू आलं. "मिठात?" त्या म्हणाल्या. "बाबा, मिठात ठेवलात?"

"व्हय. मिठात काय कुजत न्हाय," बाबा अभिमानाने म्हणाले. "म्हावरं ठेवा, कैरी ठेवा, वरीसभर जशीच्या तशी."

त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला. पावसाळ्यात खाडीकाठचं मीठ पाझरतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? वरचं मीठ कोरडं होतं, खालचं चिखलासारखं ओलं, आणि त्या ओलीचा रंग हिरवा. फडक्यात गुंडाळलेला मुखवटा त्यांनी वर काढला आणि आमच्यासमोर फडकं उलगडलं.

फडक्याला चेहरा चिकटून आला. नाक, एक गाल आणि हनुवटी कापडावरच राहिली, हिरव्या भुग्याच्या रूपात. उरलेल्या पत्र्यातून एक डोळा आमच्याकडे बघत होता. बाबांनी घाईने तो भुगा ओंजळीत धरून परत जागेवर दाबायचा प्रयत्न केला, तर बोटाखालचा कपाळाचा कोपराही निखळला.

ढोलकं कधी थांबलं ते कळलं नाही. माझ्या हातात पंचनाम्याचा कागद होता आणि मी त्यावर काय लिहायचं तेच विसरलो. मी देवभोळा नाही. पण तो हिरवा भुगा बघून मी डोक्यावरची टोपी काढली.

"बाय," म्हाताऱ्याने बाईंना विचारलं, "मिठात मासा टिकतो. मंग आय कशी गेली?"

बाई दोन्ही हात आडवे धरून ओरडल्या, "कुणी हात लावू नका! पाणी नको, दूध नको!" कारण बायका दुधाचा तांब्या घेऊन धावल्याच होत्या. पाटील म्हणाले, भंगलेली देवी पुजत नाहीत, खाडीत सोडायची. दोन पोरं पुढे झाली. तेव्हा बाबा रांजणाला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "सोडायची त मना पन सोडा." कुणी पुढे आलं नाही. मग त्यांनी बाईंकडे बघितलं आणि फडकं त्यांच्यापुढे धरलं. "न्या. तुमीच न्या."

माझ्यापुढे वेगळीच अडचण. मुद्देमाल म्हटला की तो कापडात बांधून, लाखेची मोहर लावून मालखान्यात ठेवायचा, हा नियम. बाई म्हणाल्या, "असा ओला बांधून ठेवलात तर तारखेला कोर्टात नुसती पूड उघडाल." तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला काळा थर मळ नसतो, तीच त्याची कातडी असते, ती सोलली गेलीय, असं त्यांनी जीपमध्ये मला समजावलं. मुखवटा संग्रहालयात उपचाराला पाठवायची परवानगी मागायला मी मॅजिस्ट्रेटसाहेबांचा बंगला गाठला. ते जेवायला बसले होते. "फौजदार, मुद्देमाल दवाखान्यात पाठवायचा म्हणता?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि हात धुऊन सही केली.

भाच्याला सोडलं आणि गुन्ह्याला सी समरी मागितली. गुन्हा गैरसमजातून दाखल झाला, असा तिचा अर्थ. कागदोपत्री प्रकरण संपलं.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. लोभाने वस्तू नेणाऱ्याला कसं पकडायचं, याचं शिक्षण आम्हाला मिळालं होतं. जीव लावून वस्तूचा जीव घेणाऱ्यापुढे काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर कुठल्याही गावात नवा कायदा सांगायला गेलो की मी नोटीस वाचायच्या आधी लोकांना विचारत असे, तुमच्या कानावर काय आलंय? ते ऐकून कधी हसू येई, कधी काटा. पण त्या एका गावाला हे विचारायला मी गेलो नव्हतो आणि दुसरंही कुणी गेलं नव्हतं.

बरेच महिने गेल्यावर बाईंचा निरोप आला. अर्धा चेहरा वाचला होता. पण एकदा आत शिरलेला खार पुरता निघत नाही, दमट हवा लागली की पुन्हा खायला लागतो. त्यामुळे मुखवटा संग्रहालयातल्या कोरड्या हवेच्या बंद काचपेटीतच ठेवावा लागेल आणि खाडीच्या वाऱ्यात परत कधीच नेता येणार नाही. गावाला हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. मेलेल्या माणसाची बातमी मी कितीतरी दारांत सांगितली होती. या दारात मात्र मी बराच वेळ चपला काढत राहिलो.

गुरवबाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. सरकार देवी नेईल म्हणून त्यांनी ती दडवली होती, आणि दडवल्यामुळेच ती आता सरकारकडे राहणार होती. हे त्यांना कळलं होतं, मला बोलून दाखवावं लागलं नाही.

"मना बघाया मिळंल?" त्यांनी विचारलं.

"मिळेल की बाबा. सोमवार सोडून कधीही जा. दारात तिकीट काढायचं आणि आत जायचं."

"तिकीट?" म्हातारा म्हणाला. "आयला बघाया?"