दहा म्हशींची एक पंगत

सासूबाईंचं कौतुक मी तोंडावर कधी करत नाही. केलं की त्या लगेच माझ्या भाकरीत खोट काढतात. म्हणून हे त्यांच्या माघारी.

खडवलीला आमच्या गोठ्यात दहा म्हशी. मंजुळाबाईंच्या दुधात पाणी आहे, असं तीस वर्षांत कल्याणचं एकही गिऱ्हाईक म्हणालेलं नाही. या एका गोष्टीवर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गावात ताठ मानेने चालतात, आणि त्यांच्या मागून मीही.

गेल्या वर्षी ठाण्याची क्षिप्रा आली. जनावरांची डॉक्टर, पुढचं शिकणारी. म्हशीच्या ढेकरातून मिथेन नावाचा वायू निघतो, त्याने हवा तापते. खाण्यात थोडं तेल दिलं तर पोटातले वायू करणारे जंतू मंदावतात, असं तिचं म्हणणं. ते तिला मोजून दाखवायचं होतं. पाच म्हशींच्या आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या पेंड-भुशात, रोज वाटीभर जवसाचं तेल, बाकीच्या पाचांना नुसतं आंबोण. "वाटीच्या वर नको हं मावशी, पोट बिघडतं," असं बजावून ती जायची आणि दर आठवड्याला येऊन म्हशींच्या नाकासमोर यंत्र धरायची. ढेकर मोजणारी बाई बघायला गाव लोटायचं. आईंना मात्र केवढा अभिमान! "माझ्या गोठ्यात शोध लागतोय," म्हणायच्या.

दोन महिन्यांनी क्षिप्रा वही घेऊन आमच्या ओट्यावर बसली. चेहरा उतरलेला. दहाही म्हशींचा वायू सारखाच कमी झाला होता.

"म्हणजे तेलाचा काही संबंध नाही. चारा बदलला असेल, हवा बदलली असेल. तसंच लिहून टाकते."

आईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. गावातले चार लोक समोर बसलेले. त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं.

"लिहू नको," त्या म्हणाल्या. "मी दहांनाही तेल दिलं."

"काय?"

"पयल्या दिवशी पाचांना वाढलं. बाकीच्या माना वळवून बघत होत्या गं. एका पंगतीत बसवायचं नि एकीला तेल, एकीला कोरडं? पंक्तिप्रपंच केल्याचं पाप लागतं. कल्याणवरनं तेल आणलं नि सगळ्यांना घातलं. तुला फसवलं मी."

क्षिप्राचे डोळे भरले. तिचे दोन महिने पाण्यात गेले होते. शेजारचे विश्रामकाका हसले, "दुधात नाही, पण मंजुळेच्या तेलात घोळ निघाला!" त्यांच्या अंगावर चहा ओतावासा वाटला मला. आईंची मान खाली गेली. लग्न होऊन आल्यापासून मी ती खाली गेलेली पहिल्यांदाच बघितली.

मग क्षिप्रानेच डोळे पुसले. "मावशी, म्हणजे तेल लागू पडलं असणार! तुम्ही बोलला नसतात तर मी चुकीचं लिहून मोकळी झाले असते. पण पुन्हा करावं लागेल. कराल?"

केलं. महिनाभर सगळ्यांचं तेल बंद, मग पहिल्यापासून. आईंनी गोठ्याच्या मधोमध ताडपत्री बांधली, म्हणजे एकीने दुसरीच्या पुढ्यात बघायला नको.

त्याच दिवसापासून त्या फोडणीआधीची आमटी बाजूला काढून घ्यायला लागल्या. चटणीवर तेल नको, भाजी उकडलेली. पित्त झालं असेल म्हणून मी औषध आणलं.

"पित्तबित्त काय नाय. त्या पाचजणी कोरडं खातात. कुणीतरी त्यांच्या पंगतीला बसायला नको?"

दोन महिने तसंच जेवल्या. यावेळी तेलवाल्या पाचजणींचा वायू जवळजवळ पाचवा हिस्सा घटला, बाकीच्या होत्या तिथेच राहिल्या. क्षिप्राने अहवालात पहिली चूकही लिहिली, आणि ती आपणहून कुणी सांगितली तेही, नावानिशी. विश्रामकाकांना मी ते दोनदा वाचून दाखवलं.

त्या संध्याकाळी आईंनी ताडपत्री सोडली आणि राहिलेल्या पाचजणींच्या आंबोणात वाटी वाटी तेल ओतलं. मग हात धुऊन जेवायला बसल्या, लसणाच्या चटणीत बोटाने खळगा केला आणि ताट माझ्यापुढे सरकवलं.

"सोनल, घाल आता."