दादा हळदीत वाजवायला गेला तेव्हा

आम्ही मूळचे नगरकडचे. पप्पांना कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका गोदामात काम मिळालं आणि आम्ही इथले झालो. आमची ख्रिस्ती मंडळी लहान होती. पनवेलमध्ये एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन दर रविवारी उपासना व्हायची. सतरंज्या अंथरायचं काम मम्मीचं आणि माझं, आणि कीबोर्ड वाजवायचं दादाचं. दादा तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पप्पा घरी पेटीवर भक्तिगीतं वाजवायचे, त्यांच्या मांडीला मांडी लावून बसून तो शिकला.

घरी सिनेमाच्या गाण्यांना बंदी नव्हती, पण ती मोकाट सुटलेलीही नव्हती. टीव्हीवर एखादं गाणं लागलं की पप्पा कधी ऐकत बसायचे, कधी नुसतं म्हणायचे, "हे राहू दे." का, ते सांगायचे नाहीत. आम्ही विचारलं की म्हणायचे, "तुम्हीच सांगा." मला त्याचा राग यायचा. मैत्रिणींच्या घरी सरळ हो किंवा नाही असायचं.

रोडपालीत एक मास्तर राहायचे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. त्यांची बेंजो पार्टी होती. आजूबाजूच्या गावांत लग्न असलं की हळदीला त्यांना बोलावणं असायचंच. एका संध्याकाळी ते आमच्या घरी आले, चपला बाहेर नीट ठेवल्या आणि पप्पांना म्हणाले, "भाऊ, माजा कीबोर्डवाला आजारी परलाय. माज्या पुतनीचीच हलद हाय. तुमच्या पोराला येक सांज द्या."

दादा आतल्या खोलीच्या दारात उभा होता. त्याचा चेहरा मी पाहिला. त्याला जायचं होतं.

मम्मी चहा ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "देवाच्या घरात वाजवणारे हात आहेत ते. पाळकसाहेब काय म्हणतील?" हे वाक्य आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांचंच होतं, उपदेशात पुष्कळदा ऐकलेलं.

पप्पांनी दारातल्या दादाकडे पाहिलं. मग म्हणाले, "न ऐकताच वाईट कसं म्हणू? आपण सगळेच जाऊ."

आणि आम्ही खरंच सगळे गेलो. मांडवात आम्हाला पुढे बसवलं. बायकांनी माझ्या आणि मम्मीच्या गालाला हळद लावली. वाजवणं सुरू व्हायच्या आधी चार म्हाताऱ्या बायका नवरीजवळ बसून धवला, म्हणजे इकडच्या लग्नातलं जुनं गाणं, गायल्या. वाद्य नाही, माइक नाही. एकीने ओळ सोडायची, बाकीच्यांनी उचलायची. सूर इतका जुना आणि जड होता की मांडवातली पोरंसुद्धा शांत झाली. नवरीची आई पदर तोंडाला लावून बसली होती. सगळे शब्द मला कळले नाहीत, पण लेक चालली आहे एवढं कळलं. मम्मीचे डोळे भरून आले होते.

मग बेंजो सुरू झाला. दादा पहिल्यांदा बिचकला, पण दुसऱ्या गाण्यापासून असा रंगला की मास्तर मान डोलावून त्याच्याकडे बघायला लागले. मम्मीने मला कोपराने ढोसलं. खाली पप्पांचा पाय ताल धरत होता.

काही वेळाने मुलांच्या घोळक्यातून एका गाण्याची फर्माईश आली. त्या वर्षी ते गाणं सगळीकडे वाजत होतं. चाल झकास, पण शब्द बाईच्या अंगावरून हात फिरवल्यासारखे. गाणाऱ्याने पहिली ओळ उचलली आणि पुढे नाचणाऱ्या मुली एकेक करून कडेला सरकल्या. दादाने सवयीने दोन सूर वाजवले आणि पप्पांकडे पाहिलं.

पप्पांनी मान फिरवली. ते मांडवाच्या झालरीकडे बघत बसले.

दादाने हात उचलून मांडीवर ठेवले. गाणं काही अडलं नाही. बेंजो होता, ढोलक होती. संपल्यावर मास्तर वाकून म्हणाले, "काय रं, वायर निघाली?"

"नाही मास्तर. हे गाणं माझ्याच्यानं वाजवलं जात नाही."

मला वाटलं, आता हे रागावणार. मास्तरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "मंग तसा सांग ना. पानी पी. फुरचा गाना वाजव."

घरी येताना रिक्षात दादा पप्पांशेजारी बसला. मग म्हणाला, "पप्पा, तुम्ही तोंड का फिरवलंत?"

"तू माझ्याकडं बघून थांबला असतास, तर थांबणारा मी झालो असतो, तू नव्हे," पप्पा म्हणाले.

बातमी रविवारच्या आत मंडळीत पोचली. पाळकसाहेबांनी दादाला सांगितलं, काही दिवस कीबोर्डवर बसू नकोस. त्या रविवारी आम्ही नुसत्या टाळ्यांवर गायलो. मम्मी, जिचा आधी विरोध होता, तीच आता सर्वांत जास्त चिडली होती. पप्पांनी वाद घातला नाही. त्यांनी पाळकसाहेबांना जेवायला बोलावलं.

जेवण झाल्यावर दादाने स्वतःच सगळं सांगितलं, काही न लपवता. पाळकसाहेब म्हणाले, "मग त्या गाण्याला उठून का नाही आलास?"

"उठलो असतो तर त्यांच्या पुतणीची हळद विसकटली असती," दादा म्हणाला. "त्यांनी मला घरचा म्हणून बोलावलं होतं."

पाळकसाहेबांनी कोपऱ्यातल्या पेटीकडे पाहिलं. मग त्यांनी अनपेक्षितच विचारलं, "त्या म्हाताऱ्या बायकांची चाल आठवते?"

दादाने पेटी ओढली आणि एका बोटाने धवल्याची चाल शोधली. एकदा चुकला, मग सापडली. पाळकसाहेब डोळे मिटून ऐकत होते. "आमच्या आईचं जात्यावरचं गाणं असंच जड असायचं," एवढंच ते म्हणाले आणि उठले. पुढच्या रविवारीही कीबोर्ड झाकलेलाच होता. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी दादाला नावाने हाक मारून पुढे बोलावलं.

त्या नाताळात दादाने धवल्याच्या वळणाची एक चाल बांधली आणि तिच्यात बायबलमधलं मरियेचं गाणं बसवलं. ढोलकीला मास्तर आले होते, पांढराशुभ्र शर्ट घालून. पनवेलच्या त्या हॉलमध्ये तसं गाणं मी नंतर ऐकलं नाही. आता मंडळीची स्वतःची इमारत आहे, मोठे स्पीकर आहेत. मास्तर गेले. दादा पुण्यात असतो आणि मुलांना संगीत शिकवतो.

मी खारघरला राहते. परवा माझी मुलगी कानात इयरफोन घालून गॅलरीत बसली होती. तोंडावर आलं होतं, बंद कर ते. पण मी तिच्याशेजारी बसले आणि एक इयरफोन मागितला. अर्धे शब्द मला कळेनात, म्हणून अर्थ विचारला. सांगता सांगता ती मधेच अडखळली, हसली, आणि तिनेच दुसरं गाणं लावलं. ते छान होतं. आम्ही पुन्हा एकदा ऐकलं.