हर्षूच्या चौकशीला आलेला माणूस

मी अंजूर सोडलं त्या सकाळी माझा मुलगा महेंद्र गाडीत बसायलाच तयार नव्हता. आधी म्हणाला टायरात हवा कमी आहे. मग पाण्याची बाटली राहिली म्हणून आत गेला. मग गोडाऊनच्या वॉचमनला फोन लावून बोलत उभा राहिला. मी आणि माझी नात हर्षदा मागच्या सीटवर बसून होतो. पायाशी माझी पिशवी, तीत सुकट, सोडे आणि वाकट्या. हर्षूने त्यांना प्लास्टिकच्या इतक्या पिशव्या गुंडाळल्या होत्या की मासा जिवंत असता तर गुदमरला असता. तरी वास येतच होता.

आळीतल्या बायका गाडीभोवती जमल्या होत्या. एकीने विचारलं, "आजी, आता परत कवा?" मी म्हटलं, "आधी जाऊ तर दे." सून काचेतून हात घालून पोरीचे केस सारखे करत होती. मला म्हणाली, "आई, तिला दुपारी भात जास्त देऊ नका, झोप येते तिला." बाकी जे म्हणायचं होतं ते तिने गिळलं. शेवटी मीच महेंद्रला हाक मारली. "रस्त्याला कंटेनरची रांग लागली तर ट्रेन चुकंल. तेच पाहिजे काय तुला?" तेव्हा तो निमूट येऊन बसला.

हे मी आळीतल्या बायकांसाठी लिहिते आहे, आणि ज्यांच्या मुली-नाती शिकून लांब गेल्या त्यांच्यासाठीही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहायला वेळ लागतो, पण इथे तिरुवनंतपुरमला मला दुसरं काम काय आहे? सत्तरी उलटलेली बाई गाव सोडून इतक्या लांब का गेली, असं अजून विचारतात. काही जण म्हणतात सुनेशी पटलं नसेल. सुनेशी माझं चांगलं पटतं. त्याचं कारण वेगळं आहे.

हर्षू मेकॅनिकल इंजिनियर. रॉकेट बनवणारी सरकारी संस्था आहे, ती अधूनमधून इंजिनियरांची भरती काढते. देशभरातली पोरं अर्ज करतात. लेखी परीक्षा होते, त्यातल्या थोड्यांना इंटरव्ह्यूला बोलावतात. हर्षूने पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा महेंद्र म्हणाला, "भर, भर. तेवढीच हौस." लेखीतच राहिली. त्या दिवशी त्याने घरी मटण आणलं, पोरीचं मन रमावं म्हणून. पोरीचं काही रमलं नाही. तो मात्र दोनदा रस्सा मागून जेवला.

नंतर ती आमच्याच रस्त्यावरच्या एका गोडाऊनमध्ये नोकरीला लागली. कुठला खोका कुठल्या रॅकवर जाईल ते कॉम्प्युटरवर बघायचं. पहाटे उठून अभ्यास करायची. तिला रॉकेटमधल्या इंधनाच्या टाक्यांचं काम पाहिजे होतं. मी विचारलं, टाकीत एवढं काय आहे? म्हणाली, "आजी, वजनाला हलकी पाहिजे आणि भरल्यावर फुटायला नको." मी म्हटलं, मग बरोबर आहे, कर अर्ज.

दुसऱ्या खेपेला ती लेखी पास झाली आणि इंटरव्ह्यूची तारीख आली. ती नेमकी माझ्या धाकट्या दिराच्या, काशीभावजींच्या, नातवाच्या हळदीची. आमच्यात हळद लग्नापेक्षा मोठी. सगळं गाव जेवतं, डीजे वाजतो, आणि घरातला कोण आला नाही ते लोक वर्षानुवर्षं ध्यानात ठेवतात. हर्षू तर करवली. ती बापाला घेऊन इंटरव्ह्यूला गेली. महेंद्र दिवसभर गेटाबाहेर बसला. इकडे हळदीच्या मांडवात काशीभावजी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "पोरीला आपले मानसांपेक्षा सरकार मोठा झाला." त्यानंतर ते महेंद्रशी बोलायचे बंद झाले. दोन्ही घरांच्या मधे फक्त एक गटार आहे, तरी बोलणं बंद.

हर्षूची निवड झाली, नेमणूक तिरुवनंतपुरमला. पण सरकारी नोकरी म्हणजे रुजू होण्याआधी पोलीस चौकशी होते. घरावर काही केस आहे का, माणसं कशी आहेत, हे बघतात. आम्ही सगळे वज्रेश्वरीला देवीला गेलो होतो, त्याच दिवशी तो माणूस आला. साध्या कपड्यात, मोटारसायकलवर, काखेत फाईल. काशीभावजी ओटीवर बसले होते. त्याने विचारलं, महेंद्र इथेच राहतात का? काही भांडणं, कोर्टकचेरी?

आता अंजूरला फाईल घेऊन आलेला परका माणूस असं विचारतो तेव्हा तो कोण असतो ते आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक आहे. जमिनीचा एजंट. गोडाऊनसाठी जागा शोधत हे लोक रोज फिरतात, आणि जमिनीवर भानगड आहे का हे पहिलं विचारतात. त्यांना वाटेला लावायचं गावाचं उत्तर ठरलेलं आहे. भावाभावांत वाद आहे, केस चालू आहे, मालक बाहेरगावी गेलाय. मीसुद्धा ते कितीदा दिलंय. एजंटला खरं सांगितलं की तो माशीसारखा बसतो, उठत नाही.

काशीभावजींनी तेच उत्तर दिलं, वर पदरचं घालून. त्या माणसाने लिहून घेतलं, पाणी प्यायला आणि गेला.

पुढे हर्षूला चौकीत बोलावलं तेव्हा सगळं कळलं. ती घरी आली, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "काशी आजोबांनी सांगितलंय की आपल्यावर केसेस आहेत. रिपोर्ट तसाच जाणार." महेंद्र अंगणात गेला आणि पलीकडे ऐकू जाईल असं ओरडला, "हळदीचा सूड घेतला काकानं." पलीकडचं दार लागलं.

मी गटार ओलांडून गेले आणि दार वाजवलं. काशीभावजी चहा पीत होते.

"भावजी, त्या मोटारसायकलवाल्याला काय सांगितलंत?"

"तो यजंट? लावला वाटेला. केसी हाईत बोल्लो, मारामारी झालीय बोल्लो. तुमचाच फायदा केला, वयनी. आनि वर यो महेंद्र मनाच शिव्या घालतो."

"तो पोलीस होता. हर्षूच्या नोकरीची चौकशी करायला आलेला."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पोलीस वाटला न्हाय. पोटच न्हवता त्याला."

हा माणूस नाटक करत नव्हता. पन्नासेक वर्षं मी त्यांना बघते आहे. त्यांचा सूड असतो तो मांडवात, माईकवर. गुपचूप करायचं त्यांना जमत नाही. मी म्हटलं, मग चौकीत जाऊन सांगा. ते म्हणाले, "जातो. पन पोरीच्या बापानं दारान येऊन बोलावं. भर अंगनान सूड बोलला तो."

मी परत आले आणि महेंद्रला सांगितलं. तो म्हणाला, उद्या बघू. दुसऱ्या दिवशीही म्हणाला उद्या. रुजू व्हायची तारीख जवळ येत होती. हर्षू रडली नाही. सकाळी उठून गोडाऊनला जायची, खोके बघायची आणि यायची. अभ्यास संपला होता तरी पहाटे उठायची सवय गेली नव्हती. उठून नुसती बसायची.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पोरीची वाट काशीभावजींनी अडवलेली नाही. महेंद्र गाडी धूत होता तिथे मी गेले.

"तुला हे असंच राहिलेलं बरं वाटतंय."

तो पाइप धरून तसाच उभा राहिला. "आये, एकच पोर हाय मना. तिकडं आपली भाषा न्हाय, मानूस न्हाय. इथं काय कमी हाय तिला?"

"मला वज्रेश्वरीकडून इथं आणलं तवा मी हिच्यापेक्षा लहान होते. पोर एकटी कशी राहील, असं माझ्या बापाला कोन बोललं? सगळं गाव नाचलं. हर्षू लग्न करून तिकडंच गेली असती तर तू पन डीजे लावला असतास."

"ते वेगला."

"काय वेगळं? हिला तर उलट पगार मिळतो."

त्याने नळ बंद केला. मग हळूच म्हणाला, "आये, एकटी कशी राहील ती?"

मी म्हटलं, "एकटी न्हाय. मी जाते."

मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. पण बोलले ते बोलले. महेंद्रने पाइप खाली टाकला. मग ओल्या पायांनी तसाच पलीकडे काकाच्या दारात गेला.

दोघं मिळून चौकीत गेले. वाटेत परत जुंपू नये म्हणून मीही गेले. काशीभावजींनी कडक इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यात जाड चेन घातली होती. तोच हवालदार समोर, आज वर्दीत. त्याने विचारलं, "आजोबा, खोटं का सांगितलंत?"

"सायब, असा वर्दीत आला असता तर खरा बोल्लो असतो. यजंटाला खरा कोन बोलतं?"

हवालदाराने पेन खाली ठेवलं आणि तो हसायला लागला. तो आमच्या जवळच्याच खारबावचा निघाला. म्हणाला, "आमचा बापूस पण हेच सांगतो. चला, आता नीट सांगा." नवीन जबाब लिहिला, कोर्टात विचारून खात्री केली आणि रिपोर्ट पाठवला. परत येताना काशीभावजी पुढच्या सीटवर बसले होते. महेंद्रला म्हणाले, "हळू चालव, खड्डा हाय." महिनोन्‌महिने बंद पडलेलं बोलणं असं सुरू झालं. खड्डा खरोखरच होता.

इथे आल्यावर पहिले महिने मला जड गेले, ते कबूल करते. हर्षू सकाळी ऑफिसच्या बसने जाते, संध्याकाळी येते. काय करते ते बाहेर सांगायची परवानगी नाही, मीही विचारत नाही. चेहरा बघितला की कळतं आज टाकी फुटली की टिकली. दिवसभर मी घरात. घरमालकीण मला अम्मा म्हणते आणि मल्याळीत भरभरून बोलते, मी आमच्या आगरी बोलीत उत्तर देते. तिच्या सुनेचं काय चुकतं ते मला आता बऱ्यापैकी समजलंय. दारावर मासेवाली येते. तिला मी पहिल्याच दिवशी माशाचा फिका पडलेला कल्ला उचलून दाखवला, आणि म्हटलं, "वेण्डा." म्हणजे नको. हा इथला मी शिकलेला पहिला शब्द. बाईला फार उपयोगी शब्द आहे.

मासा इथे चांगला मिळतो, भात जाडा आणि लाल. आमच्या खाडीच्या चिखलातली मासळी, निवटी, मात्र नाही. पण ती आता अंजूरलाही कुठे मिळते? मी सासरी आले तेव्हा ओटीवरून भाताची शेतं दिसायची, भरतीचं पाणी बांधापर्यंत यायचं. आता तिथे पत्र्याच्या लांबच लांब भिंती आहेत. भाडं येतं, घरात कशाची वाण नाही, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण फोनवर तुम्ही म्हणता, आजी, तुला गावाची आठवण येत नाही का, तेव्हा कुठल्या गावाची विचारता ते मला समजत नाही. आठवण येते ती बोलण्याची. मनसोक्त शिवी द्यावी आणि समोरच्याने तशीच परत द्यावी, ते इथे नाही. हर्षू ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलून येते आणि चपला काढता काढता म्हणते, "आजी, भूक लागलीय, काय हाय?" त्यावर भागवते.

मधे महेंद्र येऊन गेला. सकाळी पोरगी बसमध्ये चढली, बस वळेपर्यंत तो फाटकात उभा होता. मला म्हणाला, "रोज एकटी जाते?" मी म्हटलं, "बस भरलेली असते रे." त्यावर तो हसला, पण डोळे पुसायला आत गेला. मी त्याला जाऊ दिलं.

गेल्या आठवड्यात काशीभावजींचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, मग घसा साफ केला. "वयनी, आमची धाकटी नात हाय ना, तीपन इंजिनियरला हाय. तिला पन त्याच नोकरीचा अर्ज करायचाय. लागली तर तुमचे घरान एक खाट मावंल का?"

अंजूरच्या घरात मी सून म्हणून आले, सासू झाले, आजी झाले. त्या घरात कोण राहायला येणार, कोण जाणार, हे मला कधी कोणी विचारलं नाही. तक्रार म्हणून सांगत नाही, तशीच रीत होती. आणि हे भाड्याचं दोन खोल्यांचं घर, त्याला काशीभावजी तुमचं घर म्हणाले आणि मला विचारत होते.

मी म्हटलं, "बघून सांगते."

फोन ठेवला आणि हर्षूचं टेबल खिडकीकडे सरकवलं. जड होतं, पण सरकलं. मावते खाट.