नंतर आठवण करा

माझ्या ताईनं चार महिन्यांत एकशे तेरा वेळा एकच बटण दाबलं. ‘नंतर आठवण करा.’ मशीननं ते सगळं मोजून ठेवलं होतं. मी आकडा बघितला आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

मी हॉस्पिटलचा कॉम्प्युटरवाला. चार मजले, त्रेसष्ट मशिनं आणि मी एकटा. प्रिंटरनं कागद गिळला, बोलवा मला. पासवर्ड विसरला, बोलवा मला. वायर पायात येऊन निघाली तरी मीच, जसं काही ती मीच पाय घालून काढली! ताई तळमजल्यावर, जुन्या नोंदींच्या खिडकीत. पूर्वी इथे राहून गेलेला पेशंट परत आला की त्याच्या घरचं माणूस आधी तिच्याकडे येतं. ती त्याचं जुनं कार्ड, शाईनं लिहिलेल्या कागदाचा फोटोच तो, स्क्रीनवर काढते आणि त्यातलं महत्त्वाचं एका चिठ्ठीवर लिहून देते. रक्तगट, आधीची ऑपरेशनं, कुठल्या औषधाची ॲलर्जी. ती चिठ्ठी वर वॉर्डात जाते. सव्वीस वर्षं ती त्या खुर्चीत आहे आणि सव्वीस वर्षांत तिची एकही चिठ्ठी चुकीची म्हणून परत आलेली नाही.

खिडकी म्हणजे तिचा जीव. वरच्या मजल्यावर केबिन देत होते, दोनदा नाही म्हणाली. “तिथे माझ्याकडे कोण येणार? फायली?” इथे माणसं येतात, घाबरलेली असतात, ती त्यांना आधी खुर्ची दाखवते आणि मग नाव विचारते. भारी तोरा आहे तिला या कामाचा. आणि मी अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा असलो तरी साऱ्या रांगेसमोर ती मला ‘छोट्या’ म्हणते. आई दिवसभर कामावर असायची, मला वाढवलं हिनं. वाचायलाही हिनंच शिकवलं. पुस्तकात ओळीखाली बोट धरायची आणि मी एखादा शब्द गाळून पुढे पळालो की तेच बोट माझ्या डोक्यावर टकटक करायचं.

आता या अपडेटचं. मुख्य कार्यालयाचं पत्र आलं होतं की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळी मशिनं नव्या ब्राउझरवर गेली पाहिजेत. जुन्याला भोकं पडली आहेत, तिथून चोर शिरतात, आणि एका मशिनातून शिरला तरी सगळ्या पेशंटांची कार्डं त्याच्या हाती. बरोबरच आहे. पण नवीन ब्राउझर जुनी ॲड-ऑन चालवून घेत नाही. ॲड-ऑन म्हणजे ब्राउझरला वरून बसवलेल्या छोट्या छोट्या सोयी. एखादी जाहिराती अडवते, एखादी फॉर्म आपोआप भरते. बनवणाऱ्यानं ती नव्यानं लिहून दिली तर चालणार, नाही तर बंद. आणि बनवणारा कोण, कुठला, आता ते काम करतो तरी का, देव जाणे.

म्हणून मी सगळीकडे एक कागद फिरवला. ‘तुम्ही कुठली ॲड-ऑन वापरता?’ म्हणजे बंद पडणाऱ्याला आधीच दुसरी काहीतरी सोय करून देता येईल. औषधांच्या काउंटरवरून पाच नावं आली. एका महाभागानं ‘चहा’ लिहिलं. ताईनं लिहिलं, ‘काही नाही’.

“काही नाही, तर मग अडवून कशाला धरलंयस?” मी तिला विचारलं.

“सवयीचं झालंय रे. शुक्रवारी कर.”

“शुक्रवारी त्रेसष्ट मशिनं एकदम करू? मला काय दहा हात आहेत?”

“छोट्या, हळू बोल. लोक आहेत.”

लोक आहेत! मी पाय आपटत वर गेलो. तेव्हाच मला कळायला हवं होतं. भावजी हल्ली रोज सकाळी तिला पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मी आपला त्यांची थट्टा करायचो, की या वयात काय प्रेम उतू चाललंय! दोघंही हसायची. तिचं हसणं जरा लवकर संपायचं, एवढंच.

गुरुवारी दुपारी ती जेवायला गेली आणि मी तिच्या खुर्चीत बसून अपडेट उरकून टाकलं. मध्येच एक चौकट उघडली, दोन ओळींची. मी न वाचता ‘ठीक आहे’ दाबलं. इतरांनी असं केलं की मी त्यांची सालटी काढतो, ‘वाचता येत नाही का, डोळे कुठे असतात?’ असं तोंडावर विचारतो. पण मला घाई होती. घाई मला नेहमीच असते. काम झालं, खुर्ची होती तशी सरकवली आणि मी सटकलो.

पाऊण तासात वॉचमनचा फोन. “साहेब, खालची रांग जिन्यापर्यंत आलीये. लोक तोंड सोडायला लागलेत.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, हिनं मुद्दाम चालवलंय, मला धडा शिकवायला. दोन दोन पायऱ्या गाळत खाली आलो. ताई स्क्रीनला नाक लावून बसली होती आणि मान अशी वाकडी, जणू स्क्रीनच्या पलीकडचं काहीतरी बघतेय. पुढे एक बाई उभी होती, माझ्याकडे पाठ, आवाज बसलेला, वडिलांना वर ऑपरेशनसाठी ठेवलंय म्हणत होती. मागून कुणी तरी “अहो, लवकर” म्हणालं. आणि त्या सगळ्यांवर माझा आवाज. “ताई! झोपलीस की काय? दिसत नाही केवढी रांग लागलीये?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या कानाकडे पाहिलं. मग झटकन चिठ्ठी ओढली, लिहिली, त्या बाईच्या हातात दिली. बाई गेली. पुढचा माणूस आला तर ताईनं सरळ ‘बंद’ची पाटी लावली आणि खिडकी ओढून घेतली.

“आत ये,” म्हणाली.

मी आत गेलो, भांडायच्या तयारीनंच.

“भिंग कुठे गेलं माझं?”

“कसलं भिंग?”

“स्क्रीनवर एक भिंग होतं. काळ्यावर पांढरी अक्षरं करायचं, कार्डसुद्धा मोठं करायचं. कुणी जवळ आलं की एक कळ दाबून लपवायची मी. ते नाहीये.” आणि लगेच, माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत, “ते राहू दे. जेवून आल्यापासून त्या बाईचीच एक चिठ्ठी गेलीये, तिला मी काय लिहून दिलं ते बघ. ॲलर्जीच्या जागी मी ‘काही नाही’ लिहिलंय. मला काही दिसलं नाही म्हणून लिहिलं. कार्ड उघडंच आहे. वाच.”

मी वाचलं. ॲलर्जीच्या चौकटीत लाल शाईनं दोन औषधांची नावं होती. त्याखाली दोनदा रेघ मारली होती.

“आहेत. दोन आहेत,” मी म्हणालो.

“उभा काय राहिलास? पळ! तिची एक चप्पल तुटलीये, घसटल्याचा आवाज येत होता. जिन्यानं गेलीये.”

मी पळालो. पहिल्या मजल्यावर सगळ्यांच्या पायांकडे बघत पळालो, लोकांना वाटलं असेल, याचं काहीतरी हरवलंय. दुसऱ्या मजल्यावर स्ट्रेचर आडवं आलं, ते जाईस्तोवर भिंतीला चिकटून उभा राहिलो, आणि ते काही लवकर जाईना. मग वॉर्डाच्या दारातून घसटल्याचा आवाज आला. बाई नर्सपाशी पोचली होती. नर्सनं चिठ्ठी फायलीला टाचली होती आणि ट्रे हातात घेत होती.

“थांबा!” मी असा ओरडलो की दोन पेशंट उठून बसले. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, असं काहीतरी ठोकून दिलं. खरी नावं माझ्या हातानं लिहून दिली, नर्सला दोनदा मोठ्यानं म्हणायला लावली. तिनं ट्रेमधलं एक इंजेक्शन उचलून बाजूला ठेवलं. ती बाई मला “बरं झालं हो आलात” म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

खाली आलो. ताई होती तशीच बसलेली, हात मांडीवर.

“मिळाली,” मी म्हणालो. “दिलं नव्हतं अजून काही.”

तिनं डोळे मिटले. मी तिच्या मशिनात शिरलो. मघाशी न वाचलेली चौकट नोंदीत सापडली. ‘भिंग ही सोय नव्या आवृत्तीत चालत नसल्याने बंद होईल. पुढे जायचे?’ पुढे जायचे, म्हणे! आणि त्या भिंगानं आपलं माप तारखेसकट जपून ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी सव्वापट. त्या वर्षअखेरीला दुप्पट. मग तिप्पट. गेल्या महिन्यात सहापट. मी एकटक बघत बसलो. दोन वर्षं मी हिच्या शेजारी उभा राहून वायरी लावत होतो.

“मला का नाही सांगितलंस?” माझा आवाज चढलाच. रडू येतं तेव्हाही माझा आवाजच चढतो.

“तुला सांगितलं की तू काळजीनं ओरडणार. ओरडलास की सगळ्यांना कळणार. कळलं की खिडकी गेली.”

“जात नाही. ऐक. मी जुना ब्राउझर परत टाकतो, तुझं मशीन यादीतून वगळतो. भिंग चालू. चिठ्ठीचंही कुणाला कळलेलं नाही. कुणाला पत्ता लागणार नाही.”

“आणि चोर?”

“अगं, कोण येतंय इथे चोरायला!”

“परवा तूच फार्मसीत बोंबलत होतास, एक दार उघडं राहिलं तरी सगळी कार्डं गेली म्हणून. आता बहिणीचं दार आलं तर चालतं?” तिनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा चाचपून नीट केला. “आणि छोट्या, भिंग असतानाही महिनाभर मी एकेक कार्ड तीनदा वाचतेय. तीनदा वाचूनही खात्री नसायची. संध्याकाळी घरी गेले की ह्यांना विचारायचे, हॉस्पिटलातून फोन आला का? ह्यांना वाटायचं, कुणाच्या तरी फोनची वाट बघतेय.”

मी माऊसवरचा हात काढला.

“हॉस्पिटलच्या मोठ्या मॅडमना अर्ज लिहायचाय,” ती म्हणाली. “टाईप कर.”

ती सांगत गेली, मी टाईप करत गेलो. दृष्टी कमी झाल्याचं दोन वर्षं लपवलं. आज चुकीची चिठ्ठी दिली, ती वेळेवर परत आणली गेली. डोळ्यांच्या विभागात तपासणी होईपर्यंत मला खिडकीवर बसवू नये. गेल्या महिन्यातल्या माझ्या सगळ्या चिठ्ठ्या दुसऱ्या कुणाकडून कार्डांशी ताडून बघाव्यात. मी मध्येच म्हणालो, हे शेवटचं कशाला, तर म्हणाली, “ते सगळ्यात आधी घे.” मी ते वर घेतलं.

कागद छापून आणला. तिनं पेन काढलं आणि हात कागदावर नुसताच फिरला.

“कुठे करू सही?”

मी रेघेखाली बोट धरलं. तिनं माझं बोट चाचपलं, त्याच्या टोकाशी पेन टेकवलं, आणि मग थांबली.

“आधी वाचून दाखव. मी ऐकते. गाळू नकोस काही, तुझी ती सवय.”

मी वाचायला लागलो. ‘मला खिडकीवर बसवू नये’वरून भरकन पुढे गेलो, तर कपाळावर टकटक झाली, नेम जरा चुकला, भुवईवर बसली. मी मागे गेलो. बोट ओळीखाली धरून, एकेक शब्द, शेवटपर्यंत वाचलं. मग तिनं सही केली.