दाराचा रंग

कोहमाऱ्याला ढाब्यामागे गाड्या रंगवणारा एक पेंटर आहे. तो बोलतो कमी. डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवतो आणि मगच काय ते सांगतो.

बाबांनी आमच्या जुन्या गाडीचं दार घरीच ब्रशनं रंगवलं होतं. रंगाचे ओघळ तसेच वाळले होते. गाडी पेंटरकडे नेली तेव्हा बाबाही सोबत होते. त्यांच्यासमोरच मी म्हणालो, "यांनी पार वाटोळं केलं. सगळं खरवडून काढा."

पेंटरनं माझ्याकडे पाहिलंच नाही. दारावरून हात फिरवून तो बाबांना म्हणाला, "बाबाजी, पुट्टी मस्त भरली जी तुमी. रंग थोडा जाड झाला, बस. कायले बसून राहिले? या, संगं घासू."

त्यानं पॉलिश पेपर फाडून अर्धा त्यांच्या हातात दिला. दुपारभर दोघं पाणी मारत दार घासत होते. बाबा त्याला सारखं काहीबाही विचारत होते. माझ्याशी ते इतकं कधी बोलत नाहीत.

गाडी तिथंच ठेवून आम्ही एसटीनं अर्जुनीला परतलो. बाबा नखांतला रंग काढत बसले होते. त्यांच्याशी काहीतरी चांगलं बोलावं, असं मला वाटेभर वाटत होतं. स्टँड आलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, "सांभाळून उतरा."