हवेत वाघ, पाण्यात मांजर

कुणी काही विचारलेलं नसताना समजावून सांगणाऱ्यांचं संमेलन भरलं असतं, तर अध्यक्षपद माझ्या मोठ्या साडूंना बिनविरोध मिळालं असतं. सोलापुरात ते शाळेतल्या पोरांना सायन्स शिकवत आणि शाळा सुटली की उरलेल्या गावाला. खिशात कायम एक भिंग. माझ्या थोरलीच्या बारशाला पाहुणे पानावर बसलेले, भात निवत चाललेला, आणि ह्यांनी पाण्याच्या पिंपात भिंग बुडवलं. "बघा! हवेत वाघ, पाण्यात मांजर! काच तीच, आकार तोच. पण पाण्यात प्रकाश वाकवायचा जोर ओसरला. माध्यम बदला, भिंग बदलतं!" "मास्तर, भूक लागली की!" कुणीतरी कळवळून ओरडलं. पिंप पिण्याच्या पाण्याचं होतं, ही अर्थातच क्षुल्लक बाब. हा नियम पुस्तकात शिकलो असं ते म्हणत; माझ्या मते घरीच शिकले असावेत. शाळेत ह्यांच्या नुसत्या खाकरण्यानं पोरं गारठत. घरी अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, नुसतं "अवो" म्हणाल्या की वाघ पिशवी घेऊन भाजीला निघे.

दुष्काळाचं साल सरलं आणि ह्यांचा मोतीबिंदू पिकला. डावा डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेलेला. सगळी भिस्त उजव्यावर. अकलूजला डोळ्यांचं शिबिर भरलं, तिथं घेऊन गेलो. दुसरा माणूस देवाचं नाव घेतो. ह्यांनी डॉक्टरांचाच तास घेतला. "काढलेलं भिंग टाकू नका, बशीत ठेवा. डोळ्यात ते पाण्यात बसलेलं असतं, म्हणून गरीब गाय. हवेत आणा, मग त्याचा जोर बघा!"

"मास्तर, ते दुधासारखं पांढरं झालंय," डॉक्टर म्हणाले. "त्यातून सूर्यसुद्धा दिसायचा नाही."

सगळे हसले, साडूही हसले. पण खाटेवर निजवताना त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडेचनात. "साडूबुवा, हाही गेला तर हिला एकदम सांगू नका."

जाड काचांचा चष्मा यायला दीड महिना लागला. तोवर त्यांना नुसता धूसर उजेड दिसे, आणि तोंडाला कुलूप. चष्मा आला, त्यांनी चढवला, समोर पाहिलं आणि दचकून मागं सरले.

"अगं, तू इतकी जवळ कधी आलीस?"

"आता गं बया!" अक्का म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं हितंच हाय की मी."

डोळ्यातलं भिंग जाऊन डोळ्यापुढं जाड काच आली की सगळं मोठं आणि जवळ दिसतं, हे साडूंना तोंडपाठ. मी धड्याची वाट बघत उभा राहिलो. पण धडा राहिला बाजूला, ते नुसते अक्कांकडे बघत बसले. अक्का त्या वयात चक्क लाजल्या. साडू त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत. पण जेवढी राहिले, तेवढी वर्षं अक्का त्यांना जवळच दिसल्या.