गोणीत काय असेल

भीती ताजी असते तेव्हा कुणी हसत नाही. वर्ष-दोन वर्षं गेली की तीच गोष्ट चहाबरोबर चवीने सांगता येते. माझ्याकडे असा साठा एवढा झालाय की पाहुणे चपला घालायला लागतात तरी माझी पहिलीच गोष्ट चालू असते!

नव्वदीची सुरुवात. पनवेलमधल्या आमच्या महिला मंडळाने ठरवलं की दुधाच्या आणि दुकानाच्या पातळ पिशव्या घरोघरी गोळा करायच्या, धुऊन वाळवायच्या आणि वितळवून त्यांचा दाणा करायचा. म्हणजे बादल्या-मग बनवणाऱ्यांना तो कच्चा माल म्हणून देता येईल. रोडपालीकडे एक पत्र्याची शेड मिळाली. मशीनवर इस्माईलभाई आले. केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेले कुलकर्णी सर सल्लागार झाले. पिशव्या निवडायला जवळच्या गावातल्या सहा बायका, त्यांत सगळ्यांत मोठी हिराबाई.

त्यांच्या घरचे आधी पाठवायला तयार नव्हते. मी घरोघरी जाऊन सांगितलं, "धोका काही नाही, माझी जबाबदारी!" बोलून गेले आणि फसले. कारण कुठल्या गोणीत काय येईल ते मला ठाऊक नसायचं, आणि आत हात घालायच्या त्या सहा जणी. 

* * *

पहिल्याच महिन्यात एक गोणी हलली.

आधी वाटलं उंदीर असेल. मग गोणीच्या तोंडातून हातभर लांब काहीतरी बाहेर आलं, आणि त्याच्या मागून आणखी बरंच आलं! बायका दाराबाहेर, मी टेबलावर. कुलकर्णी सर पाण्याच्या पिंपावर चढले आणि तिथून वर्गात शिकवावं तसं म्हणाले, "घाबरू नका. ही धामण आहे. पूर्णपणे बिनविषारी."

दाराबाहेरून हिराबाई ओरडली, "मंग खाली उतरा की सर!"

सर उतरले नाहीत. धामण आपली आपण निघून गेली, तरी ते पंधरा मिनिटं पिंपावरच होते.

* * *

लोकांना आम्ही कानीकपाळी ओरडून सांगायचो, दुधाची पिशवी धुऊन द्या. लोक माना डोलवायचे आणि आतल्या चार थेंब दुधासकट पिशव्या पंधरा दिवस साठवून मग द्यायचे. मे महिन्यात त्या गोण्या उघडल्या की इस्माईलभाई नाकाला अत्तराचा फाया लावून बसायचे.

एकदा चार दिवस मशीन बंद पडलं आणि माल तुंबला. पाचव्या दिवशी एक हवालदार आले. कुणीतरी तक्रार केली होती की शेडमध्ये प्रेत लपवलंय.  बातमी गावात गेली असती तर दुसऱ्या दिवशी एकही बाई कामाला आली नसती.

मी म्हटलं, "साहेब, दूध आहे हो ते!"

"दुधाला असा वास येतो होय?" असं म्हणून त्यांनी स्वतः तीन गोण्या उपसल्या. तिसऱ्या गोणीनंतर बाहेर येऊन बराच वेळ शेडच्या खांबाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, प्रेत मिळालं असतं तरी चाललं असतं!"

* * *

प्लॅस्टिक कुठल्या जातीचं हे ओळखायची आमची पद्धत साधी होती. एक पट्टी जाळायची आणि वास घ्यायचा. मेणबत्तीसारखा आला तर आपला माल, नाकाला झोंबला तर बाजूला टाकायचा. सरांना ही परीक्षा फार प्रिय. एकदा तर त्यांनी वाळलेल्या पिशव्यांच्या ढिगाला टेकूनच काडी ओढली!

इस्माईलभाई मशीन सोडून धावत आले. "सर, तुमचं नाक सलामत राहील, आम्ही खाक होऊ!"

सर दचकले. जळता थेंब खाली त्यांच्या चपलेवर पडला. त्यांनी तो दुसऱ्या चपलेने दाबला. चपलाही प्लॅस्टिकच्या! दोन्ही पेटल्या. बायकांनी पिशव्या धुवायचा टब उचलून सरांवर ओतला, अगदी वरपासून. आग विझली. सर भिजलेल्या अंगाने खाली वाकले, चपलेचा वास घेतला आणि म्हणाले, "ही आपली नव्हे."

सगळे हसले. मी दाराशी बसून रडत होते. शेडला दार एकच होतं आणि ढीग त्याच्याच बाजूला होता. त्याच दुपारी आम्ही ढीग हलवला आणि मागच्या भिंतीचा पत्रा कापून दुसरं दार केलं.

* * *

ही गोष्ट मला अजूनही हसत सांगता येत नाही.

गणपती विसर्जनानंतरचा दिवस. सकाळपासून गुलालाच्या रिकाम्या पिशव्या येत होत्या. दुपारी त्यातच कुठल्या तरी दवाखान्याची पिशवी निघाली आणि तिच्यातून इंजेक्शनच्या सुया सांडल्या. मी किंचाळले, "हात दाखवा! कुणाला टोचलं?"

सहा जणींनी हात पुढे केले. बाराच्या बारा हात लालभडक!

रक्त कुठलं आणि गुलाल कुठला, काही कळेना. एकेकीला नळाखाली धरलं. अकरा हात स्वच्छ निघाले. बारावा शकूचा होता. पुसला की करंगळीवर पुन्हा लाल टिपका यायचा. एड्सचं नाव तेव्हा नुकतंच घरोघरी पोचलं होतं. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी तपासू, तोवर वाट बघायची. ते तीन महिने शकू मजेत होती आणि मी देवघरापाशी होते. रिपोर्ट चांगला आला. शकू म्हणाली, "बगा ताई, तुमीच बारीक झाल्या!"

* * *

आणि ही शेवटची.

एका कारखान्यातून गोण्यांच्या आतली प्लॅस्टिकची अस्तरं आली. जाड, उत्तम माल. आत पांढरी पूड चिकटलेली. मी ड्रायव्हरला विचारलं, "काय आहे हे?"

"मीठ आहे बाई. कारखान्याला लागतं."

मला माल हवा होता. मी पटकन विश्वास ठेवला आणि आत हाक दिली, "मीठच आहे गं, घ्या धुवायला!"

हिराबाईचा जन्म मिठागरात गेलेला. त्यांच्याकडे मीठ डोळ्यांनी नाही, जिभेने बघतात. पाची जणी अस्तरांकडे निघाल्या तशी ती म्हणाली, "थांबा गो." पुढे झाली, बोटावर पूड घेतली आणि जिभेला लावली.

तिचा चेहरा वाकडा झाला. ती थुंकली. "ह्ये मीठ नाय. हात लावू नका कोनी." थोड्या वेळाने म्हणाली, "जीभ कुटं गेली माजी?"

तिला दवाखान्यात नेताना इस्माईलभाईंनी आमचा टेम्पो कसा चालवला ते मला आठवत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतं ते?"

मी म्हटलं, "मीठ."

"कोण म्हणालं?"

"ड्रायव्हर."

 डॉक्टरांनी तिला पुन्हा पुन्हा चुळा भरायला लावून आत झोपवलं. मी बाहेर बाकावर. इस्माईलभाई शेजारी बसून पुटपुटत होते. तिच्या दारात उभं राहून तिच्या नवऱ्याला काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत होते आणि एकही पुरं होत नव्हतं. पूड काय होती ते आजपर्यंत कळलेलं नाही. तो ड्रायव्हर पुन्हा दिसला नाही.

चार वाजता आतून आवाज आला, "च्याला साखर हाय!"

जीभ परत आली होती. मी आत धावले. डॉक्टर तिला झापत होते, "असं काहीही जिभेला लावतं का कुणी? भीती नाही वाटली तुला?"

"वाटली ना," हिराबाई म्हणाली. "ताई खोटं नाय बोलनार. पन ताईंना तरी काय म्हायती? पाची पोरी हात घालनार व्हत्या, म्हनून आदी मीच चाखली."